जागा केलेला बिगुल

पगारे मास्तर कुणाच्याही हातात थंड बिगुल देत नसत. आधी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचे, बिगुलाचं तोंड पुसायचे, मग तो स्वतःच्या ओठांना लावून एक लांब सूर काढायचे. इतका लांब, की मैदानापलीकडच्या निंबावरचे कावळे उठून जायचे. मग पुन्हा रुमाल. आणि मग तान्हं मूल द्यावं तसा दोन्ही हातांनी बिगुल पुढे करून म्हणायचे, "घे. जागा केलाय. आता झोपू देऊ नको."

ही रीत त्यांना त्यांच्या फौजेतल्या उस्तादांनी घालून दिली होती. थंड पितळ लेकराच्या तोंडात द्यायचं नाही, उस्तादानं आधी त्यात आपला श्वास घालायचा, मगच शागिर्दानं वाजवायचं. वीस वर्षं फौजेत बिगुल वाजवून मास्तर निवृत्त झाले आणि आमच्या शाळेत कवायतीचे शिक्षक म्हणून लागले. शाळा नाशिक रोड आणि देवळाली कॅम्पच्या मध्ये होती. छावणीतले बिगुल दिवसभर कानावर पडायचे, त्यामुळे आमच्या हेडमास्तरांनाही शाळेचं बिगुल पथक असावं असं फार वाटायचं. त्यांनी कॅम्पच्या बाजारातून तीन जुने बिगुल आणले. मास्तरांनी त्यांचे पोचे काढले, चिंचेनं घासून लखलखीत केले आणि नऊ मुलं निवडली. म्हणजे आठ मुलगे आणि मी.

माझी निवड मधल्या सुट्टीत झाली. माझ्या डब्यातला लाडू एका मुलानं पळवला होता आणि मी त्याच्या नावानं बोंब ठोकली होती. मास्तर व्हरांड्यातून तरातरा आले. मला वाटलं, आता छडी. त्यांनी विचारलं, "हा दम कुणाचा हाय?" मी घाबरत हात वर केला. "लय भारी. उद्यापास्नं साडेसहाला ग्राउंडवर हजर." लाडू परत मिळाला नाही तो नाहीच.

सहावीतल्या मुलीनं बिगुल वाजवायचा म्हटल्यावर आईनं कपाळावर हात मारला. वडील हसले आणि पेपर वाचायला लागले. त्यांचं हसणं म्हणजे परवानगी, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

मास्तर उंचीला बेताचे होते, पण ताठ उभे राहिले की उंच वाटायचे. बोलायचे ते अर्धं फौजेचं हिंदी आणि अर्धं त्यांच्या गावाकडचं. "गाल कशाला फुगवतो? गाल काय भजी हायेत का?" "दम पोटातून काढ. छातीत नुसती हवा असती." कुणी उशिरा आलं की घड्याळाकडे न बघता म्हणायचे, "पाऊस उशिरा आला तरी चालतं, जवान नाय." आजारी पडलो हे कारण तर त्यांना मुळीच चालत नसे. "फौजेत आजारी पडायला पण अर्ज करावा लागतो. मी वीस सालात एकदा पण अर्ज केला नाय." हे सांगताना ते स्वतःच्या गळ्यावर दोन बोटांनी टिचकी मारायचे. "फौजी घसा हाय हा."

आमचे घसे मात्र फौजी नव्हते. थंडीत पहाटे नळाचं पाणी हातावर घेतलं की बोटं बधिर व्हायची, तशात तीन बिगुल नऊ तोंडांतून फिरायचे. एकाचं वाजवून झालं की मास्तर तो घेऊन पुसायचे, जागा करायचे, पुढच्याला द्यायचे. त्या एका वर्षात माझा घसा सहा वेळा धरला. थुंकी गिळता येऊ नये, कानापर्यंत कळ जावी, ताप चढावा, चार-पाच दिवसांनी सगळं बरं व्हावं आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच.

आईनं या रोगाशी युद्ध पुकारलं. चिंच बंद. बोरं बंद. आवळा, दही, ताक, उसाचा रस, बर्फाचा गोळा, पेरू, सगळं बंद. शेवटी द्राक्षंसुद्धा बंद झाली. माझे मामा पिंपळगाव बसवंतला राहायचे आणि हंगामात पेटीच्या पेटी पाठवायचे. नाशिक जिल्ह्यात जन्माला येऊन मी माघ-फाल्गुनात खिडकीतून भावाला द्राक्षं खाताना बघत बसायचे, मिठाच्या गुळण्या करत. ज्येष्ठमधाच्या काड्या चघळून माझी जीभ पिवळी झाली होती. तरी घसा धरायचाच. एवढ्या मोठ्या यादीत आईनं बिगुल कधीच धरला नाही, कारण बिगुल खायची वस्तू नव्हती.

डॉक्टर अमृतकर तेव्हा नवे होते. त्यांनी स्टेशनजवळ दवाखाना थाटून वर्षही झालं नव्हतं. ते लाल गोळ्या द्यायचे, ताप उतरायचा, आणि ताप उतरला की आई उरलेल्या गोळ्या कागदात बांधून जिऱ्याच्या डब्यामागे ठेवायची. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून. दहा दिवस घ्यायला सांगितलेल्या गोळ्या चार दिवसांत थांबवल्या की रोग अर्धाच मरतो, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला तर तो काटकसरीचा भाग वाटायचा.

मग दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी मी उठले तो उजवा गुडघा टम्म फुगलेला. चादर लागली तरी ओरडत होते. दुसऱ्या दिवशी गुडघा उतरला आणि डावा घोटा सुजला. वडिलांनी मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि फार वेळ काढलीच नाही.

नंतर त्यांनी आई-वडिलांना समोर बसवून समजावलं. घशात वारंवार येणारा एक जंतू असतो, तो घशातून गेला तरी काही मुलांच्या सांध्यांत त्याची सूज उतरते, आणि ती हृदयाच्या झडपेपर्यंतही जाऊ शकते. "एक आवाज जरा वेगळा येतोय," ते म्हणाले. "आत्ता काहीच सांगता येणार नाही. जाईलही. राहिला तर मात्र जन्मभर सांभाळावं लागेल. आता घसा पुन्हा धरता कामा नये. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, वर्षानुवर्षं." आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मला त्यातलं एकच कळलं, की बरीच इंजेक्शनं आहेत.

निघताना डॉक्टरांनी माझी हनुवटी वर केली. "हा ओठांवर गोल वळ कसला?"

"बिगुलाचा," मी म्हणाले.

ते खुर्चीत मागे टेकले. अशा गोल वळांची घसे धरलेली मुलं त्यांच्याकडे आणखी चार येऊन गेली होती. त्यांना वाटत होतं, शाळेत कुणीतरी मुलांना तोंडावर मारतंय.

तीन दिवसांनी डॉक्टर स्वतः शाळेत आले. कापूस गुंडाळलेल्या काड्या त्यांनी आठ मुलांच्या घशांतून फिरवल्या. माझ्या घशातली काडी त्यांनी घरी येऊन घेतली. मुलं ओकाऱ्या काढत होती. मास्तर बाजूला उभे राहून हसत होते. "काय हे मर्द!" म्हणाले, आणि स्वतःच पुढे झाले. "डॉक्टरसाहेब, माझा पण घ्या. निरोगी घसा कसा असतो ते पोरांना दिसू द्या." त्यांनी आ केला तो थेट पडजिभेपर्यंत, आणि डोळ्यांची पापणीसुद्धा लवू दिली नाही. नमुने नाशिकला तपासायला गेले.

इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. पथक सुरू झालं तेव्हा एका मुलाचे वडील हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन आले होते. मास्तरांचा उष्टा बिगुल आमच्या मुलानं तोंडाला का लावायचा, असं त्यांचं म्हणणं. बिगुल नऊ मुलांचाही उष्टा होत होता, त्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. मास्तर बौद्ध आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तक्रार कशाची आहे हेही. हेडमास्तरांनी त्या गृहस्थांना पाणीही न विचारता परत पाठवलं. मास्तर एवढंच म्हणाले, "त्यांना म्हणावं, पितळेला जात नसती." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच मुलाला सगळ्यात आधी बिगुल जागा करून दिला.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मास्तर आमच्या दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट, टोपी हातात. मी पलंगावर पडून होते, गुडघ्यावर गरम मिठाची पुरचुंडी. आई पोळ्या लाटत होती.

"ताई, डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं व्हतं," मास्तर म्हणाले. "त्या नाशिकच्या कागदात माझं नाव निघालं. तो जंतू माझ्या घशात हाय. मला काय करत नाय, नुसता बसून हाय. मी सगळ्या लेकरांना बिगुल वाजवून देत व्हतो. तुमच्या पोरीचे सांधे माझ्यामुळं धरले."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. आमची आई काही मऊ बाई नव्हती. "उद्या तिच्या हृदयाला काही झालं तर, मास्तर?"

"जी. म्हणून तर आलो."

"मग आता काय करू मी? तुम्हाला काय म्हणू?"

"काय पण म्हणा. मी उभा हाय."

बराच वेळ तव्यावरची पोळी करपत होती, तिचा वास घरभर पसरला. मग तिनं विचारलं, "तुम्हाला औषध दिलंय?"

"धा दिवसांच्या गोळ्या."

"पुऱ्या घेणार?"

"हुकूम हाय."

"इथे येऊन घ्यायच्या. शाळेत जाताना आणि परत जाताना, माझ्यासमोर. ही पण घेईल. मला आता कुणाचाच भरवसा नाही, माझा स्वतःचासुद्धा नाही." आणि जिऱ्याच्या डब्यामागची ती कागदाची पुडी काढून तिनं मास्तरांसमोर चुलीत टाकली. डॉक्टरांनी तिची त्या पुडीवरून आधीच चांगली खरडपट्टी काढली होती, हे मला पुढे कळलं.

मास्तर त्या दिवशी आमच्याकडेच थांबले नाहीत. ते नऊच्या नऊ घरी गेले. हेडमास्तर त्यांना म्हणाले होते, की घरोघरी सांगत सुटायची गरज नाही, मुलांना औषध देऊ आणि विषय संपवू. विशेषतः त्या तक्रार करणाऱ्या गृहस्थांकडे तर जाऊच नका, ते गावभर करतील. मास्तरांनी हेडमास्तरांना दिलेलं उत्तर मला वडिलांकडून कळलं, आणि ते मी आजवर विसरले नाही. "सर, तवा ते चुकीच्या कारणानं बोलले. आज कारण खरं हाय. लेकरू त्यांचं पण आजारी पडतंय. मग त्यांना नको सांगायला?"

ते गृहस्थ बोलायचं ते बोललेच. दारात उभं करून बोलले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाच्या गोळ्या किती वाजता द्यायच्या ते त्यांना दोनदा समजावून सांगितलं. पुढे डॉक्टरांनी आईला सांगितलं, की तोच जंतू पथकातल्या तीन मुलांच्या घशांतही सापडला होता, आणि त्यातलं एक त्याच घरचं होतं. कुणाकडून कुणाला गेला हे कुणीच सांगू शकत नव्हतं. असले जंतू कुणाच्याही घशात बसतात. डॉक्टरांनी हे मास्तरांनाही सांगितलं होतं. मास्तरांनी नऊ घरांत जाऊन फक्त स्वतःचं नाव सांगितलं. आईला हे कळलं त्या दिवसापासून मास्तरांच्या चहात आलं पडायला लागलं.

ते दहा दिवस मोठे मजेचे गेले. सकाळी मास्तर यायचे, मी भिंतीला धरून उभी राहायचे. "सावधान! गोळी मुँह में! पाणी! गिळ!" आम्ही दोघं एकदम गिळायचो आणि आई दोघांनाही आ करायला लावून जिभेखाली बघायची. मास्तरांना गोळी गिळायची मुळीच सवय नव्हती. वीस वर्षांत एकही अर्ज न केलेला तो माणूस तिसऱ्या घोटापर्यंत गोळी गालात धरून बसायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. मी हसले की म्हणायचे, "हसू नको. ही गोळी दुश्मनची हाय."

बिगुलाचा प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीनं सोडवला. बसनं नाशिकला गेले आणि भांडी बाजारात एका तांबटाच्या दुकानासमोर ठाण मांडलं. बिगुलाला तोंडाशी जो छोटा पितळी तुकडा असतो, माउथपीस, तो सुटा निघतो. तसे नऊ करून हवेत, असं त्यांनी सांगितलं. तांबटाचा जन्म घागरी-बंब ठोकण्यात गेलेला. "एवढंसं कसं ठोकू, बोटावर बसेल की हातोडी," तो म्हणाला. मास्तर तीन रविवार त्याच्या शेजारी बसून राहिले आणि करून घेऊनच उठले. प्रत्येकावर मुलाचं अक्षर कोरलेलं. मग गळ्यात दोरी, दोरीला आपापला तुकडा, आणि दर रविवारी तो उकळत्या पाण्यातून काढायचा असा हुकूम. आमच्या घरी रविवारी कुकरला तीन डबे लागायचे, डाळ, भात आणि माउथपीस. एकदा डब्यांची अदलाबदल झाली आणि वडिलांच्या वाटीत वरणाबरोबर तो खणकन पडला. वडिलांनी तो काढून पुसला आणि पुढचा घास घेतला.

त्या दिवसापासून मास्तरांनी आमच्या बिगुलांना ओठ लावणं सोडलं. शिकवायचे ते तोंडानं. पोटावर हात ठेवून "ता ता, तारा ताऽऽ" असं सगळं मैदानभर गाऊन दाखवायचे. रस्त्यानं जाणाऱ्या टांग्यातली माणसं मान वळवून बघायची. तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी मुलाला पथकातून काढलं होतं. महिन्याभरानं तो मुलगा आपणहून परत आला. मास्तरांनी त्याला काही विचारलं नाही, त्याच्या अक्षराचा तुकडा खिशातून काढून गळ्यात घातला.

त्या सव्वीस जानेवारीला मला फुंकायची बंदी होती. डॉक्टरांनी सावकाश चालायला तेवढं सांगितलं होतं. मास्तरांनी पथकाच्या पुढे चालणाऱ्याची काठी माझ्या हातात दिली आणि सगळ्या पथकाची चाल माझ्या चालीवर आणली. एवढं संथ पथक जिल्ह्यात दुसरं नसेल. पाहुण्यांना वाटलं, ही काहीतरी गंभीर फौजी चाल आहे, आणि त्यांनी भाषणात तिचं कौतुक केलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा वाजवायला लागले. घसा नंतर धरला नाही. इंजेक्शनं मात्र दर तीन आठवड्यांनी चालू राहिली, शाळा संपली, कॉलेज संपलं तरी. छातीतला तो आवाज कधी ऐकू यायचा, कधी नाही. मास्तर कुठेही भेटले, बाजारात, स्टेशनवर, कुणाच्या लग्नात, की आधी विचारायचे, "डॉक्टर काय म्हणतो?" मी म्हणायचे, "बघू म्हणतो." ते मान हलवायचे आणि दुसऱ्या विषयाला लागायचे. मी या विचारण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्या वयात कुणी आपली काळजी करतंय याचा आपल्याला कंटाळाच येतो. मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि त्या कंटाळ्याची मला अजून लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात माझं लग्न झालं आणि दिवस राहिले. पहिल्या बाळंतपणाआधी हृदय नीट तपासून घ्या, असं डॉक्टर अमृतकरांनी बजावलं. त्यांचेही केस तोवर पांढरे व्हायला लागले होते. मोठ्या डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं, पुन्हा तपासलं आणि सांगितलं, की झडप उत्तम आहे, आवाज गेलेला आहे, इंजेक्शनं आता पुरेत. मी बाहेर आले ती रिक्षा करून सरळ देवळाली गावातल्या मास्तरांच्या घरी गेले. माहेरी नंतर सांगितलं.

मास्तर अंगणात खाट टाकून बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं.

"मशीन लावून?"

"मशीन लावून."

"लिहून दिलंय?"

मी कागद दिला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत बोट फिरवून पाहिला, घडी घातली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला. तो त्यांनी मला कधीच परत दिला नाही.

त्यांच्या पत्नी, ताराबाई, दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते. "पोरी, तुला ठावं नाय," त्या म्हणाल्या. "तुझे सांधे धरले ना, तवापास्नं यांनी घरातल्या सोताच्या बिगुलाला पण तोंड लावलं नाय. मी म्हनायची, हितं कोन लेकरू हाय, वाजवा की. तर म्हनायचे, तिचं हार्ट चांगलं हाय असं डॉक्टर लिहून देईल त्या दिवशी वाजवीन. नाय दिलं तर ऱ्हायलं."

बारा वर्षं. फुंकण्यावाचून ज्याला दुसरं काही करताच येत नव्हतं, तो माणूस बारा वर्षं माझ्या छातीतला आवाज जायची वाट बघत गप्प बसला होता, आणि मी रस्त्यात भेटले की "बघू म्हणतो" म्हणून पुढे जात होते. मला रडू आवरेना. मास्तर ओरडले, "पोटुशी बाई रडत नाय! हुकूम हाय!" आणि ट्रंक उघडायला आत गेले.

बिगुल आणला, उभे राहिले, टाचा जुळवल्या, श्वास घेतला आणि फुंकला. ओठांना सवय राहिली नव्हती, समोरचे दोन दात गेले होते. आधी नुसतीच हवा आली. मग वासरू हंबरावं तसा एक आवाज निघाला, शेजारची कुत्री भुंकायला लागली, ताराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मास्तरांनी बिगुल खाली केला आणि माझ्याकडे ओशाळून बघितलं.

इतका वाईट बिगुल मी आयुष्यात ऐकलेला नाही. तिन्हीसांजेपर्यंत मी त्यांना तो पुन्हा पुन्हा वाजवायला लावला.